पदराची गाठ आणि बोटाचा दोरा

पहिली मेंढी हौदापासून पन्नास पावलांवर पडली. पुढचे पाय दुमडले आणि ती तोंडावर आली. मी लंगडत तिथवर पोचले तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता, दात करकर वाजत होते, आणि पोट डावीकडून टरटरून फुगलं होतं. तिच्याजवळ दुसरी थरथरत उभी होती. मी बघतेय तोवर तीही आडवी झाली. मग तिसरी. माझी धाकटी जाऊ हौदाच्या कठड्यासमोर आडवी उभी राहून काठीनं उरलेल्या मेंढ्या मागं हाकलत होती. ती ओरडत होती, पण तिच्या तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता.

मला बघून तिला शब्द फुटला. "आक्का, पाण्यात युरिया हाय! मला सांगितलं व्हतं! मला काल सांगितलं व्हतं!"

मी तेव्हा पदर हातात धरून उभी होते. पदराला एक गाठ होती. ती गाठ सकाळपासून माझ्या अंगावर होती आणि ती माझी नव्हती.

हे नीट सांगायचं तर आदल्या दिवसापासून सांगावं लागेल.

आम्ही दोघी जावा मेंढरांमागं असतो. दोघींचे नवरे गेले. पोरं पेठ गावात राहतात. माझ्या मुलाचा टेम्पो आहे, तिचा मुलगा मंचरला कांद्याच्या गाळ्यावर आहे. त्यांना मेंढरं नकोत. आम्हाला घर नको. माझा गुडघा गेलाय, म्हणून मी पालावर थांबते, स्वयंपाक बघते, कोकरं सांभाळते. जाऊ पाच-सहा वर्षांनी लहान आहे, तिचे पाय अजून चालतात, ती कळप चारायला नेते. अशी आमची वाटणी आहे. कळप मोठा नाही. पूर्वीच्या मानानं निम्माही नाही.

त्या वेळी आम्ही पारगावच्या बाजूला होतो. एका शेतकऱ्याचा कांदा निघाला होता, त्या मोकळ्या वावरात त्यानं मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मेंढरं रात्री वावरात बसली की लेंड्या-मुताचं खत होतं, म्हणून शेतकरी बोलावतात. त्याचा ऊसही होता. उसाच्या कडेला विहीर, विहिरीला लागून सिमेंटचा हौद. रोज दुपारी मेंढरं त्या हौदावर पाणी प्यायची. माणूस चांगला होता. आम्हाला मावशी म्हणायचा आणि पालावर येऊन आमचा चहा प्यायचा. आमचा चहा भलताच गोड असतो, असं रोज बोलूनही दाखवायचा.

आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊ कळप घेऊन परत येत होती. तो तिला बांधावर भेटला. म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी हौदात युरिया भिजवणार हाय, ठिबकला सोडायचाय. मेंढरं हौदावर आणू नका. वरच्या पाटाला पाजा."

ती म्हणाली, "बरं."

आणि तिनं पदराला गाठ मारली.

आम्ही तसंच करतो. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला गाठ. काम झालं की सोडायची. पैशाची गाठ वेगळी असते, ती फुगीर दिसते. ही चपटी असते, आत काही नसतं. गाठ काय म्हणून मारली ते गाठीत नसतं, डोक्यात असतं. गाठ फक्त डोक्याला डिवचते. माझी सासू असंच करायची. तिच्या पदराला कधी कधी दोन-दोन गाठी असायच्या आणि त्या सुटेपर्यंत ती कुणाशी धड बोलायची नाही.

ती कळप वाघरात घालत होती तेवढ्यात एक मेंढी व्यायला लागली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतो ती जाळी. कोकरू अडलं होतं. जावेनं हात घालून ते सोडवलं. तिचं लुगडं खालून भरलं. तिनं जुनेरं नेसलं, लुगड्याचा भरलेला भाग धुतला आणि ते वाघरावर वाळत टाकलं. गाठ सोडली नाही. गाठीतलं काम व्हायचं होतं, मग ती कशाला सोडेल?

वाघरावर माझं लुगडं आधीच वाळत होतं.

आता ही दोन्ही लुगडी एकसारखी. एकाच रंगाची, एकाच काठाची. आमच्या एका भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून आली होती. त्या लोकांनी दुकानदाराकडून एकाच गठ्ठ्यातली लुगडी उचलली आणि सगळ्या म्हाताऱ्यांना वाटली. मांडवात आम्ही आठ-दहा जणी एका रंगात बसलो होतो. तेव्हा कुणीतरी म्हणालंही, "बँड पार्टी बसलीय जणू." आम्ही हसलो. लुगडं चांगलं होतं, जाड होतं, काट्यात फाटत नव्हतं. दोघींनी वापरायला काढलं.

सकाळी उजाडायच्या आधी मी हाताला लागलं ते लुगडं नेसले. मागून जाऊ उठली आणि राहिलेलं नेसली.

चूक म्हणाल तर एवढीच.

तिनं सकाळी पदर चाचपला. गाठ नव्हती. गाठ नाही म्हणजे राहिलेलं काम नाही. अशीच आमची सवय आहे. तिचं डोकं निवांत झालं. ती भाकरी बांधून कळप घेऊन गेली. तिचा फोन शेतकऱ्याच्या घरी चार्जिंगला लावलेला होता.

मी इकडं पालावर भाकऱ्या थापत होते. पदर कमरेला खोचला तर हाताला गाठ लागली. मी म्हटलं, ही कधी मारली? मला काही आठवेना. मीठ होतं. काडेपेटी होती. कोकराच्या जुलाबाचं औषध आदल्या दिवशीच पाजलं होतं. मुलाला फोन करायचा होता का? लावला. तो म्हणाला, "काय गं?" मी म्हटलं, "काय न्हाई." तो म्हणाला, "काय न्हाई तर फोन कशाला केला? गाडी चालवतोय मी." मी ठेवला.

मला वाटलं, आता माझं डोकं चाललं. शेजारच्या वाड्यावर एक म्हातारी आहे, ती स्वतःच्या सुनेला विचारते की तू कोण गावची. आपलंही तसंच होणार असं वाटलं. घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल. कामं करत राहिले आणि मधे मधे गाठ चाचपत राहिले. कोकरांना बाहेर काढलं, आत घातलं. रात्री व्यालेल्या मेंढीचं दूध येतंय का बघितलं. गाठ तशीच.

ऊन चढलं तेव्हा मी सावलीला बसले आणि ती सोडूनच टाकावी म्हणून नखानं उकलायला घेतली. सुटेना. उलटीकडून ओढावं लागत होतं. तेव्हा मी ती नीट बघितली. माझ्या गाठीचं टोक उजवीकडं निघतं. हिचं डावीकडं निघालं होतं.

माझी जाऊ डावरी आहे. भाकरी डाव्या हातानं थापते, कात्री डाव्या हातानं धरते, म्हणून लोकर कातरणारे तिला आपली कात्री देत नाहीत. गाठही उलटी मारते.

म्हणजे लुगडं तिचं. म्हणजे काहीतरी लक्षात ठेवायचं होतं ते तिला, आणि ती गेली गाठीवाचून. काय ते मला माहीत नव्हतं. पण तिच्या कळपात ती एकटी होती आणि दुपार होत आली होती. मी काठी घेतली आणि गुडघा ओढत हौदाच्या वाटेला लागले. त्या वेळी मेंढरं पाण्यावर असतात एवढं मला ठाऊक होतं. अर्ध्या वाटेत तिची ओरड ऐकू आली.

तिकडं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. कळप वाळलेला पाला खाऊन तहानलेला होता. हौद दिसताच पुढची दांडगी मेंढरं पळाली. तिनं रोजच्यासारखी वाट सोडली. मेंढरं प्यायला लागल्यावर तिनं कठड्यावर वाकून हात बुडवला. पाणी रोजच्यापेक्षा गार होतं, युरिया विरघळला की पाणी गार पडतं. तिला बरं वाटलं. ओंजळ भरून तोंडावर मारली, चूळ भरली. जिभेला खारट-कडू लागलं. ती थुंकली. आणि तिथं तिला बांधावरचा तो माणूस आठवला, तो काय बोलला ते आठवलं, आपण गाठ मारली होती तेही आठवलं. तिनं पदर बघितला. गाठ नव्हती.

मग तिनं काठी चालवली. पीत असलेली मेंढरं पाण्यावरून हलत नाहीत. तिनं नाकावर मारलं, कान धरून ओढलं, मागून घुसणाऱ्यांना लाथा घातल्या. मागची लंगडी, म्हातारी, गाभणी अशी सगळी पाण्यापर्यंत पोचलीच नाहीत.

मी पोचल्यावर शेतकरीही धावत आला. हौदात युरियाच्या गोण्या रिकाम्या करून तो घरी जेवायला गेला होता. त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, "मावशी, मी काल सांगितलं व्हतं का न्हाई?"

जाऊ म्हणाली, "सांगितलं व्हतं."

दुसरी बाई असती तर नाही म्हणाली असती. आदल्या दिवशी बांधावर तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "ते मागून बघू. आंबट काय हाय घरात?"

हे मला सासऱ्यांनी दाखवलेलं. खताचं पाणी प्यालेल्या जनावराला आंबट पाजायचं, गार पाण्यात, लगेच. शेतकऱ्यानं बायकोला फोन केला. तिनं ताकाचं भांडं आणलं, चिंच कोळून आणली. त्याची सून मागून पळत आली, तिच्या हातात एक बाटली. म्हणाली, "आजी, हे व्हिनेगर हाय. नूडल्सवर टाकायला आणलेलं. आंबट लई हाय." मी एक थेंब चाटला. आंबट होतं. म्हटलं, "घाल पाण्यात."

जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो मंचरहून निघतो म्हणाला. म्हणाला, "तोवर तेच पाजत राहा, पळवू नका." मंचरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती. तो आला तेव्हा ज्या मरायच्या होत्या त्या मेल्या होत्या.

आम्ही चौघीजणी आणि तो शेतकरी, एकानं जबडा धरायचा, एकीनं बाटलीनं ओतायचं. घाईत ओतलं तर पाणी छातीत जातं, म्हणून हळू. काही मेंढरं हातातच गेली. जबडा धरलेला असतो, घशात घोट उतरतो, आणि पुढचा घोट बाहेर येतो. मग सोडून दुसरी धरायची. जाऊ एकदाही थांबली नाही. तिच्या लहानपणी पाळलेल्या मेंढीच्या वंशातली एक काळतोंडी मेंढी होती. ती पुढं पळणाऱ्यांत असायची. ती गेली तेव्हा जावेनं तिचा पाय बाजूला सारला आणि दुसरीकडं वळली.

संध्याकाळी शेतकऱ्यानं जेसीबी बोलावून खड्डा काढला. अठरा मेंढ्या पुरल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी मोटारसायकल थांबवून विचारलं, "ताज्या हायत का? देता का एखादी?" जावेनं काठी उचलली. ते गेले.

मग मुलं आली. दोघं टेम्पोतून. पालासमोर बसली. शेतकरीही बसला होता, त्याला वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती की आम्ही त्याच्यावर ढकलू.

जावेचा मुलगा म्हणाला, "बास झालं आता. उरलेली मेंढरं विकायची. आये, तू घरी चल."

ती पाजायची बाटली विसळत राहिली.

"अगं, माणूस तोंडावर सांगून गेला आणि तू दुसऱ्या दिवशी कळप तिथंच नेला. तुला आता ध्यानात राहत न्हाई. आज मेंढरं गेली. उद्या रस्ता ओलांडताना गाडीखाली जाशील."

मी तिला चाळीस-पंचेचाळीस वर्षं बघतेय. ती भांडखोर आहे. मुलाला दोन शिव्या घालणं तिला जड नव्हतं. पण ती मान खाली घालून बसली होती, कारण तिलाही तेच वाटत होतं. तिला वाटत होतं की गाठ आपण मारलीच नसावी, आपल्या डोक्यानं रचलेली असावी. मेंढरं गेल्याचं दुःख तिला होतंच. पण घरी नेऊन खाटेवर बसवतील आणि विसराळू म्हणून बसवतील, हे तिच्या मानेवर बसलं होतं.

तोपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं आणि बोलायला सवड नव्हती. मी लुगड्याचा पदर काढून त्याच्या मांडीवर टाकला. म्हटलं, "ही गाठ बघ."

"काय बघू?"

"कोणाची हाय?"

"तुझ्या पदराला हाय म्हंजी तुझीच की, मोठी आई."

"माझी कशी असंल? टोक कुठल्या बाजूला गेलंय बघ. तुझ्या आईशिवाय अशी गाठ कोण मारतं? लुगडी बदलली सकाळी. तिची गाठ माझ्या अंगावर व्हती आन् मी दिवसभर डोकं खाजवत बसले."

जावेनं मान वर केली. तिनं पदर त्याच्या हातातून घेतला, गाठीवर अंगठा फिरवला, टोक बघितलं. मग डाव्या हातानं एका झटक्यात सोडली. जी मला नखानं सुटत नव्हती.

"मी मारली व्हती," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मारली व्हती मी."

मुलगा म्हणाला, "गाठीनं मेल्याल्या मेंढ्या उठत्यात व्हय?"

"न्हाई उठत," मी म्हटलं. "पण ती विसरली म्हणू नको. विसरली असती तर जिभेला लागल्यावर पण कळलं नसतं. अर्धा कळप तिनं मागं ओढला. तू असतास तर फोन काढून फोटो घेत बसला असतास."

माझा मुलगा हसला. शेतकरीही हसला, मग आपण हसायला नको होतं असं वाटून त्यानं चहाचा कप उचलला.

जावेचा मुलगा म्हणाला, "आन् पुन्हा असं झालं तर?"

आता जाऊ तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली. "पुन्हा व्हायला तेच लुगडं पाहिजे. हे आक्काला दिलं. मी हिरवं नेसते. जा आता घरी, तुझी बायको वाट बघत आसंल. मला व्यालेल्या मेंढीला आंबवण शिजवायचंय."

तो उठला. मेंढरं विकायचं पुन्हा निघालं नाही असं नाही, दर सणाला निघतं. पण त्या दिवशी त्यांनी टेम्पो रिकामा नेला.

हे मी लिहायला घेतलं ते नातीमुळं. माझी नात मंचरला अकरावीला आहे. सुट्टीत पालावर आली होती आणि इंग्रजीतले वाक्प्रचार पाठ करत होती. तिनं मला एक सांगितला. इंग्रजीत कुणाला आठवण ठेवायला सांगायचं असलं तर म्हणतात, बोटाला दोरा बांधून ठेव. मी विचारलं, "खरंच बांधतात?"

"नाही गं आजी. पूर्वी बांधत असतील. आता नुसतं म्हणतात. विसरू नकोस एवढाच अर्थ. आणि कोण फारच विसरत असलं तर त्याला टोमणा म्हणून पण. बोटाला दोरा बांध की जरा."

मी तिला म्हटलं, तुझ्या आईचंही तसंच आहे. ती ड्रेस घालते, पदर कुठंय तिला? तरी शेजारणीला सांगते, पदराला गाठ मारून ठेव. बायांनी पदर सोडला तरी बोलणं सोडलं नाही. आम्ही दोघी अजून खरी मारतो.

मग मी जावेला बोलावलं आणि दोऱ्याचं सांगितलं. तिनं विचार केला. म्हणाली, "ते लोक शहाणे. बोट कुणी वाळत घालत न्हाई."

नातीनं हौसेनं दोघींच्या बोटाला लाल दोरा बांधला. जावेचा दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकला नाही. मेंढीची धार काढताना दोरा सडाला घासायला लागला, मेंढी उड्या मारायला लागली, तिनं दातानं तोडून टाकला. माझा मी भाकरीच्या पिठात ओला झाला म्हणून काढला. ज्यानं हा वाक्प्रचार काढला त्याला हातानं काम नसावं.

दोऱ्यात आणि गाठीत एक खोट सारखीच आहे. दोन्ही मुकी आहेत. ज्यानं बांधली त्यालाच ती कळते. म्हणून आता आम्ही गाठ मारतो आणि वर एकमेकींना सांगतो. संध्याकाळी भाकरी खाताना ती विचारते, "गाठ कशाची?" मी सांगते. मी विचारते, ती सांगते. कधी कधी दोघींनाही आठवत नाही. मग दोघी मिळून दुसऱ्या दिवशी जरा बेतानं चालतो.

ते लुगडं मी अजून नेसते. विटलंय, पण फाटत नाही. दोन लुगडी झाली माझ्याकडं तसली.

त्या दुपारी पुढं पळालेली दांडगी मेंढरं बहुतेक सगळी गेली. पाजून वाचली ती सात, त्यातली दोन पुढं कधी नीट चरली नाहीत. मागची लंगडी, म्हातारी, गाभणी राहिली आणि पालावरची कोकरं राहिली. रात्री व्यालेली मेंढी पालावरच होती, ती वाचली. तिचं अडलेलं कोकरू आता मोठा नर झालाय. जाऊ अजून कळप चारायला नेते. मी पालावर असते.